मातीत बसून राहणारा बेडूक घरी कसा ठेवावा : पॅकमॅन फ्रॉग पाळू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

पॅकमॅन फ्रॉग घ्यायचा विचार करणारे बहुतेक जण आधी एकच विचारतात, "तो काय काय करतो?" खरं सांगायचं तर काही नाही. मातीत उलटा शिरतो, डोळे आणि तोंडाची कड तेवढी वर ठेवतो आणि बसतो. दिवसचे दिवस बसतो. समोर काही हललं तर झडप, नाहीतर ध्यान. हे वाचूनच तुमचा उत्साह मावळला असेल तर फार बरं झालं, एक बेडूक वाचला. मावळला नसेल तर पुढे वाचा. हा प्राणी सांभाळायला सोपा आहे आणि माणसाच्या अति हौसेने बिघडायलाही तितकाच सोपा आहे.

मी पुण्यात, फ्लॅटमध्ये, हे बेडूक ठेवतो. इंटरनेटवरची बरीचशी माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते आणि त्यांची सगळी धडपड टाकी गरम ठेवण्याची असते. आपलं निम्मं वर्ष याच्या उलट जातं. शिवाय मुंग्या, सोसायटीचं पेस्ट कंट्रोल, डास मारायचं मशीन, सोसायटीच्या वॉटर सॉफ्टनरचं (कठीण पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं) पाणी या गोष्टी त्या लेखांत सापडत नाहीत. म्हणून हा लेख.

बाजारात पॅकमॅन म्हणून मिळतो तो बहुधा सेरॅटोफ्रिस क्रॅनवेली. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ग्रान चाको या कोरड्या मैदानी प्रदेशातला, म्हणजे अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया या भागातला. तिथे पाऊस ठरावीक महिन्यांतच पडतो, उरलेला काळ हा बेडूक जमिनीत काढतो. मादी वाढून १० ते १३ सेंटिमीटरची होते, नर त्याहून लहान. नीट ठेवला तर १० ते १५ वर्षं जगतो. म्हणजे आज बालवाडीत असलेल्या मुलाने हट्ट केला म्हणून आणलात, तर मूल कॉलेजला जाईपर्यंत तुम्ही गांडुळं धुताय हे लक्षात ठेवा.

१. आधी कायदा आणि कागद

पहिल्या पावसात बांधावर, अंगणात, गटाराच्या कडेला जमिनीतून वर येणारे आपले देशी बेडूक पकडून टाकीत घालायचे नाहीत. आपल्याकडेही जमिनीत राहणारे बेडूक आहेत. स्फीरोथिका वंशातले गोलमटोल बेडूक महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिसतात. ते पावसापुरते वर येतात, प्रजनन करतात, पुन्हा खाली जातात. त्यांना तसंच राहू द्या. मोठा बैलबेडूक, ज्याची गोव्यात 'जंपिंग चिकन' म्हणून चोरटी शिकार चालते, तो तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. "शेतात सापडला, पोरांनी बाटलीत ठेवला" ही सबब चालत नाही.

परदेशी प्राण्यांचं वेगळं. याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने (लागू १ एप्रिल २०२३ पासून) साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतले परदेशी प्राणी जवळ असतील तर त्यांची नोंदणी बंधनकारक झाली. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर करायचा, तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. पॅकमॅन साइटिसच्या यादीत नाही. पण मादागास्करचा टोमॅटो फ्रॉग, तोही मातीत शिरणारा आणि तोही विकायला दिसणारा, त्या यादीत आहे. याद्या बदलतात, त्यामुळे घ्यायच्या आठवड्यात साइटिसची ताजी यादी शास्त्रीय नावाने शोधून पाहा. विक्रेत्याच्या "याला काही लागत नाही" वर जाऊ नका.

हे कागद एका फाइलमध्ये ठेवा :

- पक्कं बिल, त्यावर शास्त्रीय नाव लिहिलेलं
- विक्रेत्याचं नाव-पत्ता. दुकान असेल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडच्या नोंदणीचा क्रमांक (२०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार ती लागते)
- बेडूक बंदिस्त पैदाशीतला असल्याचं लेखी
- प्रजाती साइटिस यादीतली असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र आणि मालकी तुमच्याकडे आल्याचा कागद
- आणल्या दिवशीचे फोटो, पाठीवरची नक्षी स्पष्ट दिसेल असे

"बिल नंतर व्हॉट्सॲप करतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. विमानतळावर सामानात लपवून आणलेले परदेशी प्राणी पकडल्याच्या बातम्या येतच असतात. न पकडले गेलेले कुणाच्या तरी घरीच जातात.

२. बेडकाच्या आधी टाकी

टाकी आठवडाभर आधी मांडा आणि रिकामीच चालवून पाहा. तापमान-आर्द्रतेचं जे काही नाटक व्हायचं ते बेडूक नसताना होऊ दे.

लागणारं सामान :

- काचेची टाकी, ४५ × ३० × ३० सेंटिमीटर. पूर्ण वाढलेल्या एका बेडकाला पुरते. उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची
- घट्ट बसणारं झाकण, थोडा भाग जाळीचा
- कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा
- बेडूक बसेल एवढी उथळ, जड बशी
- डिजिटल थर्मामीटर आणि हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा). मातीत खुपसायचा प्रोब असलेला घ्या
- हिट मॅट (ऊब देणारी विजेची पातळ चटई) आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला ती चालू-बंद करणारा). थर्मोस्टॅटशिवाय हिट मॅट घेऊच नका
- लाकडी किंवा मऊ टोकाचा लांब चिमटा
- स्प्रे बाटली, नवी. जुन्या कॉलिनच्या बाटलीत पाणी भरू नका
- फॉस्फरस नसलेली, डी-३ असलेली कॅल्शियम पावडर आणि अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन पावडर
- अँटिक्लोरीन, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन घालवणारे थेंब, शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात ते

अगदी लहान पिल्लू आणणार असाल तर पहिले काही महिने छोटा प्लॅस्टिकचा डबा चालतो, उलट बरा पडतो. मोठ्या टाकीत किडा एका कोपऱ्यात आणि पिल्लू दुसऱ्या कोपऱ्यात असं होतं.

एका टाकीत एकच बेडूक. दोन ठेवले की काही दिवसांनी एकच राहतो, तोही जरा जास्तच फुगलेला. हे बेडूक आपल्याच जातीचे बेडूक खातात, जवळजवळ स्वतःएवढ्या आकाराचेसुद्धा.

टाकी कुठे ठेवायची? ऊन येणारी खिडकी नको, टीव्ही-स्पीकरचं टेबल नको, स्वयंपाकघराची फोडणी नको. देवघराजवळही नको, उदबत्ती आणि धुपाचा धूर त्या कातडीला झेपत नाही. रस्त्याकडेच्या खोलीत असेल तर गणपतीच्या दिवसांत आतल्या खोलीत हलवा. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, लाडवाच्या डब्याखाली परात ठेवतात तसे. मुंग्या किड्यांच्या मागे येतात, आणि मातीत पुरलेला बेडूक त्यांच्यापासून पळून जात नाही.

३. माती : सगळं इथे ठरतं

बेडूक पाळणं नव्वद टक्के माती पाळणं आहे. ती नीट राहिली तर बेडूक आपोआप नीट राहतो.

कोकोपीटची वीट नर्सरीत स्वस्तात मिळते, पण ती थेट वापरायची नाही. काथ्याच्या प्रक्रियेत नारळाची सोडणं पुष्कळदा खाऱ्या पाण्यात मुरवलेली असतात, त्यामुळे कोकोपीटमध्ये मीठ उरतं. कुंडीतल्या झाडाला ते फार जाणवत नाही, पण बेडकाच्या कातडीला झोंबतं. वीट बादलीत भिजवा, फुगली की जुन्या सुती ओढणीत किंवा पंचात घालून पिळा, पुन्हा पाणी घाला, पुन्हा पिळा. पाण्याचा गडद चहासारखा रंग फिका होईपर्यंत हे करत राहा. पाठ दुखते, पण दर दीड महिन्याने एकदाच करायचं आहे.

नर्सरीतलं तयार पॉटिंग मिक्स कधीही नाही. त्यात शेणखत, निंबोळी पेंड, रासायनिक खताचे दाणे, कधी कीटकनाशकही असतं. रंगीत खडे, वाळू, गोटे हेही नाही. बेडूक झडप घालताना तोंडात जे येईल ते गिळतो. कोकोपीटचे धागे थोडेफार बाहेर पडून जातात, खडा आतड्यात अडकतो आणि बेडूक आठवड्याभरात जातो. पाळलेले पॅकमॅन मरण्यामागच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हे बरंच वरचं आहे.

थर ८ ते १० सेंटिमीटरचा द्या, कमी नाही. ओलावा किती हे हाताने कळतं : मूठभर माती घट्ट दाबा. गोळा झाला आणि बोटांतून एखाद-दुसरा थेंबच आला, तर बरोबर. धार लागली तर जास्त ओली. मूठ उघडताच सुटली तर कोरडी. वरचा थर थोडा सुकलेला आणि खालचा ओला असणं उत्तम, कारण मग बेडूक स्वतः ठरवतो किती खोल जायचं. त्यासाठी नुसता वरून फवारा मारून भागत नाही. आठवड्यातून एकदा कोपऱ्यात हळूहळू पाणी ओता, ते तळातून पसरतं. हायग्रोमीटरवर ६० ते ८० टक्क्यांच्या मध्ये आकडा राहिला की पुरे.

माती बरोबर जमली की पहिल्याच रात्री बघायला मिळतं. बेडूक मागचे पाय आळीपाळीने बाजूला ढकलतो, त्या पायांच्या तळव्याला टणक, फावड्यासारखी कड असते. अंग जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे फिरवत तो मागे सरकत आत जातो, जणू कुणी बेडकाचा स्क्रू पिळतंय. थोड्या वेळात पाठ दिसेनाशी होते, मग मातीच्या रंगात दोन डोळे उरतात. माती फार चिकट किंवा फार कोरडी असेल तर तो दोन-चार वेळा प्रयत्न करून सोडून देतो आणि काचेला नाक लावून फिरत राहतो. पॅकमॅन सतत फिरताना दिसला तर तो 'ॲक्टिव्ह' झालेला नसतो, त्याला काहीतरी सोसत नसतं.

विष्ठा दिसली की आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने काढा. संपूर्ण माती चार ते सहा आठवड्यांनी बदला. वास घेऊन पाहा : पावसात भिजलेल्या मातीचा वास ठीक, मुतारीसारखा तिखट वास म्हणजे अमोनिया साठलाय. बेडूक ज्या घाणीत बसतो तीच कातडीतून परत आत घेतो. मग पाय ताठ होतात, झटके येतात. असं दिसलं तर लगेच स्वच्छ पाण्यात ठेवा, तासा-दोन तासांनी पाणी बदलत राहा आणि डॉक्टर गाठा.

झाडं लावायची हौस असेल तर मनी प्लांटची फांदी छोट्या कुंडीसकट पुरा. सुटी लावलीत तर सकाळी उपटलेली दिसेल.

४. पाणी

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून शोषून घेतो. म्हणजे बशीत ओतलेलं सगळं थेट त्याच्या अंगात जातं.

महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. अँटिक्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घाला आणि मग वापरा. रात्रभर उघडं ठेवूनही साधं क्लोरीन बरंचसं उडतं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी पाण्यात घालतात) उडत नाही, म्हणून थेंब घालणं सुरक्षित. सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्यातलं पाणी टाळा, त्यात कडक क्षारांच्या जागी सोडियम आलेलं असतं. नुसतं आरओचं पाणीही रोज नको, त्यात खनिजं जवळजवळ नसतात. टँकरच्या पाण्याचा भरवसा धरू नका. मी आरओ आणि क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी निम्मं-निम्मं वापरतो.

बशीतलं पाणी बसलेल्या बेडकाच्या नाकाखाली राहील इतकंच. हे बेडूक पोहण्यात ढ असतात, खोल भांड्यात बुडून मरतात. पाणी रोज बदला. बहुतेकदा तो शी तिथेच करतो, हा तुमचा फायदाच.

५. तापमान : पुण्याचे तीन ऋतू

हवं असतं २४ ते २८ अंश सेल्सिअस. रात्री २२ पर्यंत उतरलं तरी चालतं. ३० च्या वर गेलं की लक्ष ठेवा, ३२ च्या वर टिकून राहिलं तर जिवाशी गाठ.

*उन्हाळा.* एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारी खोलीच ३४-३५ ला जाते. टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीवर, फरशीला टेकवून ठेवा. फ्रीझरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून टाकीच्या बाहेरून, एका बाजूला लावा. टाकीच्या आत नको. दुपारी एक, संध्याकाळी एक अशा दोन बाटल्या आलटून-पालटून चालवल्या की ३-४ अंश उतरतं. जाळीवर थेट पंखा सोडला तर माती दिवसात सुकते, तेव्हा पंखा लावलात तर पाण्याकडे दुप्पट लक्ष हवं. एसी असेल तर प्रश्नच मिटला, फक्त झोत अंगावर नको. दिवसभर घर बंद करून कामाला जाणारे आणि वरच्या मजल्यावर राहणारे असाल, तर आधी एक उन्हाळा नुसता थर्मामीटर ठेवून पाहा. बेडूक पुढच्या जूनमध्ये घ्या.

*पावसाळा.* याच्यासारखं सोयीचं हवामान नाही, पण माती सुकत नाही. फवारा जवळजवळ बंद करा, झाकणाची हवा वाढवा. पांढरी बुरशी दिसली तर तेवढी माती काढून टाका.

*थंडी.* डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा १० च्या आसपास येतो, घरात १८-२० असतं. इथे हिट मॅट लागते, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते : मॅट टाकीखाली लावतात. हा बेडूक गरम झाल्यावर काय करतो? खाली जातो, कारण त्याच्या अंगात मुरलेलं आहे की जमीन खाली थंड असते. तुम्ही उष्णता खालून दिलीत तर तो जितका भाजेल तितका खोल, म्हणजे मॅटच्या आणखी जवळ जाईल. मॅट बाजूच्या काचेला बाहेरून, मातीच्या पातळीच्या वर लावा. थर्मोस्टॅटचा प्रोब त्याच बाजूला ठेवा आणि २६ ला सेट करा. दुसरी बाजू थंड राहू द्या.

थंडी आणि कोरडेपणा दोन्ही एकदम आले तर पॅकमॅन जमिनीतल्या लांब झोपेची तयारी करतो. सुटलेल्या कातडीचे थर अंगावरच साठवून कवच बनवतो, त्यात ओलावा धरून ठेवतो. चाकोमध्ये कोरडा हंगाम तो असाच काढतो. घरात मुद्दाम ही झोप आणू नका. बेडूक चुरचुरीत, कागद गुंडाळल्यासारखा दिसला तर कोमट, क्लोरीन काढलेल्या पाण्यात अर्धा तास बसवा. पाणी हनुवटीपर्यंतच. कवच ओढून काढू नका, भिजलं की तोच काढतो. मग माती आणि मॅट तपासा.

दिवसाला १२ तास मंद उजेड पुरतो. सौम्य यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब लावलीत तर चांगलंच, पण पावडर नियमित देत असाल तर तिच्यावाचून अडत नाही.

६. बेडूक निवडणं आणि आणणं

स्वतः जाऊन, बघून घ्या. फोटोवर आणि कुरिअरने नको, मे महिन्यात तर मुळीच नको.

डोळे स्वच्छ आणि उघडे, अंग भरलेलं, मांड्यांच्या आत आणि पोटावर लाली नाही, बसताना पुढचा भाग उचललेला, जबडा सरळ मिटलेला. हे पाहिल्यावर विक्रेत्याला तुमच्यासमोर एक किडा द्यायला सांगा. जो बेडूक झडप घालतो तो घ्या. रंगाला भुलू नका. पिवळा अल्बिनो महाग असतो, हिरवा-तपकिरी स्वस्त असतो, खातात दोघेही सारखंच.

हवेची भोकं असलेल्या डब्यात ओला टिश्यू घालून आणा. घरी आणल्यावर टाकीत सोडा आणि आठवडाभर विसरा. तीन-चार दिवस खाल्लं नाही तर घाबरू नका. रोज उकरून "आहे ना?" पाहणाऱ्यांचे बेडूक महिना-महिना खात नाहीत.

७. खाणं : कमी द्या

लहान पिल्लाला एक दिवसाआड, अर्धवट वाढलेल्याला आठवड्यातून दोनदा, मोठ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा. एवढंच. हा बेडूक पोट भरल्यावर थांबत नाही, जे हलेल ते गिळतो. पाहुण्यांना गंमत दाखवायला म्हणून रोज भरवलेले पॅकमॅन चरबीने मरतात. घरात आजी असेल तर तिला आधीच समजावून सांगा, नाहीतर "बिचारा उपाशी बसलाय" म्हणून काहीतरी पुढे केलं जातंच.

मुख्य आहार गांडूळ. गांडूळखत करणाऱ्यांकडे दोन जाती मिळतात. छोटं लाल आयसेनिया फेटिडा डिवचलं की पिवळा, वासाचा द्रव सोडतं, बरेच बेडूक ते थुंकून टाकतात. मोठं, जांभळट युड्रिलस, म्हणजे आफ्रिकन नाइटक्रॉलर, ते मागा. आणल्यावर दोन दिवस स्वच्छ ओल्या कोकोपीटमध्ये ठेवा म्हणजे पोट रिकामं होतं, मग धुऊन द्या. जोडीला पाळीव पैदाशीचे नाकतोडे-रातकिडे, अधूनमधून सुपरवर्म (एका भुंग्याची मोठी अळी), कधी गप्पी मासा. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको.

न द्यायच्या गोष्टी : घरातलं झुरळ आणि पाल (त्यांनी झुरळं मारायचं कुठलं जेल खाल्लंय माहीत नाही), चिकनचा तुकडा, खिमा (कॅल्शियम नाही, हाडं मऊ पडतात), गोल्डफिश. उंदराची पिल्लं वर्षातून एखाद-दोनदा चालतील, जास्त दिली तर डोळ्यांवर चरबीचा पांढरा पडदा येतो.

वाढत्या बेडकाला जवळजवळ प्रत्येक खाण्यावर कॅल्शियम भुरभुरवा, मोठ्याला एकाआड एक. मल्टिव्हिटॅमिन पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला महिन्यातून दोनदा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की जीभ नीट काम करत नाही, बेडूक नेम धरतो पण किडा सुटतो. एरवी या जिभेची ओढ जबरदस्त असते. २०१४ साली मोजली गेली तेव्हा ती सरासरीने बेडकाच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भरली होती.

चिमट्याने, तोंडासमोर थोडं हलवून द्या. लोखंडी चिमटा नको, झडप बसली की जबडा दुखावतो.

८. हात लावायचा का?

टाकी साफ करताना, तेवढंच. हात साबणाने धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत पाण्याने धुवा, ओल्या हातांनी मागून, पोटाखाली आधार देऊन उचला. नंतर पुन्हा साबणाने धुवा, कारण बेडकांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका.

चावतो. खालच्या जबड्यात दातासारखे दोन सुळे असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात साडेचार सेंटिमीटर रुंद डोक्याच्या पॅकमॅनचा चावा सुमारे ३० न्यूटन भरला, म्हणजे बोटावर तीनेक किलोचा दाब. बोट हिसकू नका, बेडकाचा जबडा मोडतो. हात पाण्याखाली धरला की बहुधा सोडतो.

९. घाबरायचं कधी, कधी नाही

बेडूक अंग फुगवतो, जांभई दिल्यासारखं तोंड वासतो, पुढच्या हातांनी अंगावरचं काहीतरी ओढून गिळतो. नवीन लोक याचा व्हिडिओ काढून "झटका आला का" विचारतात. तो कात टाकतोय आणि टाकलेली कात खातोय. नर रात्री बेसूर ओरडतो, विशेषतः पावसात. तेही ठीक.

डॉक्टरकडे न्यायची लक्षणं : मांड्या-पोटावर लाली, पाण्याने भरल्यासारखी सूज, जबडा रबरासारखा मऊ, डोळ्यावर पांढुरकं, खाऊनही दोन-तीन आठवडे शी नाही. तोवर मातीतून काढून, ओल्या पांढऱ्या टिश्यूवर, वेगळ्या डब्यात ठेवा. हळद, डेटॉल, सोफ्रामायसिन, माणसाची मलमं, काहीही लावू नका. बरेच पशुवैद्य कुत्र्या-मांजरांचेच असतात, म्हणून बेडूक-सरडे पाहणारा डॉक्टर बेडूक आणायच्या आधी शोधा, फोन करून खात्री करा.

पेस्ट कंट्रोलची नोटीस लागली की टाकी दुसऱ्या घरी हलवा आणि घर हवेशीर झाल्यावरच परत आणा. डास मारायचं मशीन, कॉइल, स्प्रे त्या खोलीत कायमचे बंद. खिडकीला जाळी बसवून घ्या. फरशी फिनाईलने पुसणाऱ्या बाईंना सांगून ठेवा : या खोलीत साधं पाणी.

१०. गावाला जाताना आणि नको झाला तर

मोठा बेडूक आठवडाभर न खाता आरामात राहतो. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी शेवटचं खाऊ घाला म्हणजे शी तुमच्यासमोर होते. शेजाऱ्यांना किल्ली देऊन फक्त पाणी बदलायला सांगा, बाटलीत तयार पाणी भरून ठेवा. खायला घालायला सांगू नका. मे महिन्यात मात्र असं एकटं ठेवू नका, टाकी घेऊन थंड घरी पोचवा.

नको झाला तर नदीत, तळ्यात, पाषाण-कात्रजच्या डोंगरावर सोडायचा नाही. आपल्या मुख्य भूमीवरचा बैलबेडूक अंदमानात नेला गेला आणि आता तिथे त्याची पिलावळ स्थानिक बेडकांची पिल्लं खातेय. काइट्रिड बुरशीसारखे रोगही पाळीव बेडकांबरोबर पसरतात. जुनी माती आणि टाकी धुतलेलं पाणीही बागेत टाकू नका. माती पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, पाणी संडासात ओता.

विकणाऱ्याला आधीच विचारून ठेवा की परत घेशील का. बरेच घेतात. नाहीतर दुसरा पाळणारा शोधा, आणि देताना बेडकाबरोबर टाकी, थर्मोस्टॅट, बिल आणि शेवटचं कधी काय खाल्लं याची चिठ्ठी द्या.